बारवा आटल्या, गढ्या खचल्या. वारसा कोण जपणार?

(प्रतिनिधी)

सोलापूर : आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी भंडीशेगावहून वाखरीकडे निघाली, की वाटेत बाजीराव विहिरीजवळ रिंगण होते. अश्व धावतात, टाळमृदंगाचा गजर होतो आणि लाखो वारकऱ्यांच्या तोंडी त्या विहिरीचे नाव येते. ठिकाणाचे नाव विहिरीवरून पडले आहे, हे सर्वांना ठाऊक असते. मात्र वाट वाकडी करून त्या विहिरीत डोकावणारे थोडेच. बाजीराव पेशव्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विहिरीची जी स्थिती, तीच सोलापूर जिल्ह्यातील आणि एकूणच महाराष्ट्रातील शेकडो बारवांची, कुंडांची आणि झऱ्यांची आहे. नाव उरले आहे, पाण्याशी असलेला संबंध तुटला आहे.

या जलस्थानांच्या जोडीला गावोगावी गढ्या आणि वाडे उभे आहेत. कुठे नुसता बुरूज उरला आहे, कुठे दिंडी दरवाजाची चौकट, तर कुठे पांढऱ्या मातीचा ढिगारा. गढी ही इतिहासाची गोष्ट आणि बारव ही पाण्याची, अशी विभागणी आपण सहज करतो. प्रत्यक्षात या दोन्ही वास्तू एकाच व्यवस्थेची दोन अंगे होती. पाणी होते म्हणून वस्ती होती, वस्ती होती म्हणून महसूल होता आणि महसूल होता म्हणून वाडा होता. ही साखळी कशी जुळली आणि कशी तुटली, हे समजून घेतल्याखेरीज या वास्तू वाचवायच्या कशा, याचे उत्तर मिळणार नाही.

अवर्षणाच्या प्रदेशातील शहाणपण

सोलापूर हा पर्जन्यछायेचा जिल्हा. वर्षाला सरासरी सुमारे साडेपाचशे मिलिमीटर पाऊस आणि तोही बेभरवशाचा. जमिनीखाली काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. हा खडक वाळूसारखा पाणी धरून ठेवत नाही. त्याच्या वरच्या मुरमाड थरात, भेगांत आणि सांध्यांत जेवढे पाणी मुरते, तेवढेच हाती लागते आणि तेही सावकाश पाझरते. अशा जमिनीत अरुंद आड खणला, तर चार घागरी उपसल्यावर तो कोरडा पडतो. मोठ्या घेराची विहीर मात्र रात्रभर पाझर गोळा करते आणि दिवसा गावाला पाणी देते. रुंद तोंडाच्या, प्रशस्त बारवा या प्रदेशात बांधल्या गेल्या, त्यामागे हे भूगर्भाचे गणित आहे.

पायऱ्यांचे कारणही तितकेच व्यावहारिक आहे. पावसाळ्यानंतर बारवेचे पाणी वरच्या टप्प्यापर्यंत येते आणि चैत्र-वैशाखात ते तळाशी जाते. दोर आणि पोहरा नसलेल्या वाटसरूलाही कोणत्याही ऋतूत पाण्यापर्यंत पोहोचता यावे, यासाठी पायऱ्या. मध्ये ठेवलेले टप्पे पायऱ्या उतरताना थांबण्यासाठी आणि भिंतींचा भार पेलण्यासाठीही उपयोगी पडतात. भिंतीतील कोनाडे, ज्यांना देवकोष्ठ म्हणतात, त्यांत देवतांच्या मूर्ती असत. पाण्याच्या जागी पावित्र्याची भावना राहावी आणि घाण होऊ नये, हा त्याचा एक परिणाम होता.

प्राचीन शिल्पग्रंथांनी या वास्तूंचे वर्गीकरणही केले आहे. एका बाजूने उतरता येते ती नंदा, दोन बाजूंनी उतरता येते ती भद्रा, तीन बाजूंनी जया आणि चारही बाजूंनी विजया. महाराष्ट्रातील बहुतेक जुन्या बारवांना सरसकट हेमाडपंती म्हटले जाते. हेमाद्री, म्हणजेच हेमाडपंत, हा तेराव्या शतकातील यादव राजे महादेव आणि रामचंद्र यांचा मंत्री. त्याच्या नावाने ओळखली जाणारी, चुन्याविना दगडावर दगड बसविण्याची पद्धत त्याच्या आधीपासून प्रचलित होती. बारवेच्या बाबतीत या पद्धतीचा एक लाभ असा, की दगडांच्या सांध्यांतून भूजल आत झिरपू शकते. भिंत पाणी अडवीत नाही, ती त्याला वाट देते. हा मुद्दा आजच्या दुरुस्तीच्या संदर्भात कळीचा आहे.

तलाव, कुंड आणि झरे

सोलापूर शहराची ओळखच पाण्याशी जोडलेली आहे. बाराव्या शतकात, महात्मा बसवेश्वरांच्या काळात, सिद्धरामेश्वरांनी तत्कालीन सोन्नलगी येथे तलाव खोदविला. लोकांच्या श्रमातून उभे राहिलेले हे काम त्यांच्या धर्मकार्याचाच भाग मानले गेले. आज मकर संक्रांतीला भरणारी सिद्धेश्वर यात्रा याच तलावाच्या परिसरात भरते आणि तलावालगतच भुईकोट किल्ला उभा आहे. देवस्थान, जलाशय आणि सत्तेचे ठाणे एकमेकांना खेटून असावेत, हा योगायोग नव्हे.

माळशिरस तालुक्यातील वेळापूर येथे अर्धनारीनटेश्वराचे मंदिर आहे. यादव राजा रामचंद्र याच्या काळातील शिलालेखांमुळे हे गाव अभ्यासकांना परिचित आहे. मंदिरासमोर दगडी पायऱ्यांचे कुंड आहे. माउलींच्या पालखीचा मुक्काम वेळापूरला असतो. जुने पालखी मार्ग आणि व्यापारी मार्ग जेथे मुक्काम करीत, तेथे पाण्याची सोय असणे ओघानेच आले. मार्ग आधी की विहीर आधी, असा प्रश्न प्रत्येक ठिकाणी विचारता येतो.

झऱ्यांसाठी मात्र बालाघाटच्या डोंगररांगेकडे वळावे लागते. सोलापूरपासून जवळच असलेल्या तुळजापूर येथे भवानी मंदिरात जाण्यापूर्वी भाविक कल्लोळ तीर्थ आणि गोमुख तीर्थ येथे थांबतात. दख्खनच्या पठारावर असे झरे साधारणतः एकाच रीतीने तयार होतात. पठारावर पडलेला पाऊस झिजलेल्या, सच्छिद्र खडकातून खाली उतरतो. वाटेत त्याला घट्ट पाषाणाचा किंवा लाव्हाच्या दोन थरांमधील लाल मातीचा पट्टा आडवा येतो. तेथून खाली जाता येत नसल्याने पाणी आडवे सरकते आणि डोंगराच्या कडेला बाहेर पडते. त्या जागी दगडी गाईचे मुख बसविले, की झऱ्याचे तीर्थ होते. झऱ्याचे भवितव्य त्यामुळे गोमुखापाशी ठरत नाही, तर त्याच्या वरच्या पठारावर ठरते. तेथे झाडे तुटली, जमीन फरसबंद झाली किंवा खोल विंधनविहिरी झाल्या, तर खाली झरा क्षीण होतो.

छत्तीस नव्हे, शहाण्णव

जिल्ह्यातील वाडा, गढी आणि बारव यांचे नाते पाहायचे असेल, तर करमाळ्याला जावे. निजामाच्या सेवेतील रावरंभा निंबाळकर यांच्या जहागिरीचे हे मुख्य ठाणे. येथील भुईकोट किल्ल्याचे काम त्यांनी सुरू केले आणि पुत्र जानोजी यांच्या काळात ते पूर्ण झाले. दख्खनमधील मोठ्या भुईकोटांत त्याची गणना होत असे आणि त्याच्या आत शंभरएक घरांची वस्ती असल्याची नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे.

गावाबाहेर देवीच्या माळावर कमलाभवानीचे मंदिर आहे. ते रावराजे निंबाळकर यांनी १७२७ मध्ये बांधल्याचे सांगितले जाते. या मंदिराच्या बांधणीत शहाण्णव या संख्येला विशेष स्थान आहे. मंदिराला शहाण्णव खांब, शहाण्णव ओवऱ्या आणि परिसरातील भव्य बारवेला शहाण्णव पायऱ्या. मराठ्यांच्या शहाण्णव कुळांशी या संख्येचा संबंध लोकमानसात जोडला जातो. सत्ताधीश घराण्याने आपली ओळख देवळाच्या खांबांत जशी कोरली, तशीच ती विहिरीच्या पायऱ्यांतही कोरली. बारव ही त्या काळी प्रतिष्ठेची वास्तू होती, याचा याहून बोलका दाखला मिळणे कठीण.

करमाळ्याच्या पाण्याची आणखी एक हकिगत उल्लेखनीय आहे. गावाच्या दक्षिणेस पाऊण मैलावर असलेल्या विहिरींतील झऱ्यांचे पाणी मातीच्या नळातून गावातील हौदांपर्यंत आणले जात असे, अशी नोंद ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्ये आढळते. म्हणजे लोखंडी नळ येण्यापूर्वीही पाणी गावात आणण्याची विद्या येथे होती.

पंढरपुरात हेच नाते नदीकाठी दिसते. चंद्रभागेच्या घाटालगत होळकर वाडा उभा आहे. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी १८४९ मध्ये बांधलेले द्वारकाधीशाचे मंदिरही येथे आहे. इंदूर आणि ग्वाल्हेर येथील राजघराण्यांना पंढरपुरात वास्तू उभारावीशी वाटली, कारण भाविकांची सोय करणे हे त्यांच्या दृष्टीने पुण्याचे आणि प्रतिष्ठेचे, असे दोन्ही प्रकारचे काम होते.

या परंपरेत स्त्रियांचा वाटा मोठा आहे. अहिल्यादेवी होळकरांचा जन्म १७२५ मध्ये चौंडी येथे झाला. हे गाव करमाळ्याच्या उत्तरेकडील जामखेड तालुक्यात आहे. त्यांनी देशभर बांधलेल्या विहिरी, घाट आणि कुंडे सर्वपरिचित आहेत. साताऱ्याजवळील लिंब येथील बारा मोटांची विहीरही एका स्त्रीच्याच नावावर आहे. वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात ती बांधविली. सुमारे ११० फूट खोल आणि ५० फूट व्यासाच्या या अष्टकोनी विहिरीत चक्क एक छोटेखानी महाल आहे. विहिरीच्या पाण्यावर परिसरात आमराई जोपासली जात असे. वाडा आणि बारव येथे एकाच वास्तूत एकरूप झाले आहेत.

पाणी चढत कसे असे?

विहिरीतले पाणी शेतापर्यंत नेण्याचे साधन म्हणजे मोट. चामड्याच्या मोठ्या पिशवीला दोन दोर बांधलेले असत. जाड दोर तो नाडा आणि मोटेच्या सोंडेला बांधलेला बारीक दोर तो सोंदूर. बैलजोडी उताराच्या धावेवरून पुढे गेली, की मोट वर येई. सोंदुरामुळे सोंड थारोळ्यात वळे आणि पाणी पाटाला लागे. कोणत्याही जुन्या विहिरीच्या काठावर दोरांनी झिजलेले दगड आणि थारोळ्याची शिळा पाहिली, की तेथे किती मोटा चालत असत, याचा अंदाज बांधता येतो.

शहरांत आणि किल्ल्यांत मात्र पाण्याला उतारावरून खेळविण्याची विद्या अधिक विकसित झाली. छत्रपती संभाजीनगर येथे मलिक अंबर याने सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात भूमिगत नहर बांधून डोंगरातील झिरपे शहरात आणले. तेथील पाणचक्की अशाच वाहत्या पाण्यावर फिरत असे. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून नळ काढून शहरातील हौद भरले गेले. शनिवारवाड्यातील हजारी कारंजे उडत असे, ते अशाच रीतीने. उंचावरून आलेले पाणी बंद नळात कोंडले, की ते आपल्या मूळ पातळीकडे उसळी घेते. कारंजे उडविण्यासाठी यंत्राची गरज नव्हती, उताराचे अचूक मोजमाप मात्र आवश्यक होते. नळातील दाब वाढून तो फुटू नये आणि कोंडलेली हवा बाहेर पडावी, यासाठी वाटेत दगडी मनोरे उभारीत. पुण्यात त्यांना उच्छ्वास म्हणतात, तर विजापुरात गंज.

सोलापूरकरांना या विद्येचा सर्वांत जवळचा नमुना नळदुर्ग येथे पाहता येतो. दुसरा इब्राहिम आदिलशहा याच्या कारकिर्दीत बोरी नदीवर धरण बांधून त्याच्या पोटातच पाणीमहाल उभारण्यात आला. हे काम १६१३ मध्ये पूर्ण झाले. पावसाळ्यात धरण भरून वाहू लागले, की नर आणि मादी या दोन सांडव्यांतून प्रपात कोसळतात आणि आतील महालात बसून पडद्यासारखे कोसळणारे पाणी पाहता येते. सौंदर्यदृष्टी, संरक्षण आणि पाणीसाठा या तिन्ही गरजा एकाच बांधकामाने भागविल्या आहेत.

स्पेनमधील गावांशी साम्य

पाणी आणि सरदारघराणी यांची ही जोडी जगात इतरत्रही आढळते. दक्षिण स्पेनमधील आंदालुसिया हा असाच उन्हाळी, कोरडा प्रदेश. तेथील लहान गावांत मधल्या चौकात दगडी कारंजे आणि त्याभोवती दारावर कुलचिन्ह कोरलेले सरदारांचे वाडे, अशी रचना दिसते. बाएझा या गावातील सांता मारियाचे कारंजे १५६४ चे आहे. प्रिएगो दे कोर्दोबा येथील ‘फुएन्ते देल रे’, म्हणजे राजाचे कारंजे, १३९ तोट्यांतून वाहते. स्पॅनिश भाषेत ‘फुएन्ते’ हा एकच शब्द झरा आणि कारंजे या दोन्हींसाठी वापरला जातो. आपल्याकडच्या रहाटासारख्या पाणी उपसणाऱ्या चाकाला तेथे ‘नोरिया’ म्हणतात आणि तो शब्द अरबीतून आलेला आहे.

फरक आहे तो नंतरच्या इतिहासात. नळ त्या गावांतही आले. पण कारंजे चौकाच्या मधोमध असल्याने ते वाहते राहिले आणि गावाच्या अभिमानाचा भाग बनले. बाएझा आणि शेजारचे उबेदा या दोन गावांना २००३ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसास्थळांच्या यादीत स्थान दिले. आपल्याकडील बारव मात्र जमिनीच्या खाली असते. ती दिसत नाही, म्हणून ती आधी विस्मरणात जाते आणि मग कचऱ्याने भरते.

साखळी तुटली कुठे?

या वास्तूंच्या ऱ्हासाचे खापर केवळ लोकांच्या अनास्थेवर फोडणे योग्य होणार नाही. त्याला ठोस कारणे आहेत.

पहिले कारण आर्थिक. स्वातंत्र्यानंतर, १९५० आणि १९६० च्या दशकांत इनामे आणि पाटीलकीची वतने कायद्याने संपुष्टात आली. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने ते आवश्यकच होते. परंतु ज्या उत्पन्नावर वाड्याची डागडुजी आणि बारवेचा गाळ काढण्याचे काम चाले, ते उत्पन्न थांबले आणि त्याची जागा दुसऱ्या कोणत्याही तरतुदीने घेतली नाही. वारस वाढले, वाटण्या झाल्या, अनेकजण शहरांत गेले. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी माळवदावर माती घालावी लागते. ती दोन-चार वर्षे पडली नाही, की पाणी तुळयांत मुरते आणि चिरेबंदी वाडाही आतून कुजतो. गढीची पांढरी माती तर गावकऱ्यांनीच घरांसाठी खणून नेली.

दुसरे कारण पाण्याचे. १९७२ च्या दुष्काळानंतर विंधनविहिरींचे युग सुरू झाले. १९८० मध्ये भीमेवरील उजनी धरण पूर्ण झाले. कालवे आले, ऊस आला, नळयोजना आल्या. डोक्यावर हंडा घेऊन पायऱ्या चढण्याचा स्त्रियांचा त्रास कमी झाला, ही मोठी गोष्ट होय. पण खोल विंधनविहिरींनी भूजलाची पातळी खाली नेली आणि वरच्या थरातील पाझरावर जगणाऱ्या बारवा उघड्या पडल्या.

तिसरे कारण आरोग्याचे आणि ते आज बहुतेकांच्या विस्मरणात गेले आहे. पायऱ्यांच्या विहिरीत लोक थेट पाण्यात उतरत. त्यातून नारू रोगाचा प्रसार होई. महाराष्ट्र हे या रोगाने ग्रासलेल्या राज्यांपैकी एक होते. १९८० च्या दशकात सुरू झालेल्या राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रमात पायऱ्यांच्या विहिरींचा पिण्यासाठी वापर थांबविणे किंवा त्यांचे रूपांतर दोराने पाणी काढण्याच्या विहिरींत करणे, यावर भर होता. २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. बारवा ओस पडल्या, त्यामागे हा सार्वजनिक आरोग्याचा विजयही आहे.

चौथी बाब अधिक अवघड आहे. या पाणवठ्यांचे गुणगान करताना ते सर्वांसाठी खुले नव्हते, हे विसरून चालणार नाही. महात्मा फुले यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुला केला. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये संमत झाला, तरी प्रत्यक्षात तो कागदावरच राहिला. म्हणूनच २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. ज्या पायऱ्यांवरून आपल्या आजोबांना उतरू दिले जात नव्हते, त्या पायऱ्यांविषयी नातवाला आत्मीयता वाटावी, अशी अपेक्षा ठेवताना हा इतिहास लक्षात ठेवावा लागतो. बारवेचे पुनरुज्जीवन हे सर्व गावाचे काम होईल, तेव्हाच ती खऱ्या अर्थाने सार्वजनिक होईल.

संरक्षण कोणाचे?

राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचे संरक्षण १९५८ च्या केंद्रीय कायद्यानुसार भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग करतो, तर राज्य संरक्षित स्मारके १९६० च्या राज्य कायद्यानुसार राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे येतात. गावोगावच्या बहुसंख्य बारवा आणि गढ्या या दोन्ही याद्यांत नाहीत. त्या ग्रामपंचायतीच्या, देवस्थानाच्या किंवा खासगी मालकीच्या आहेत. सातबारावर त्यांची नोंद केवळ ‘विहीर’ अशी असते, काही ठिकाणी तर तीही नसते. त्यामुळे रस्ता रुंद करताना किंवा बांधकाम करताना एखादी बारव बुजविली गेली, तर कागदोपत्री काहीच नष्ट झालेले नसते.

चित्र पूर्णतः निराशाजनक नाही. २०२० नंतर महाराष्ट्र बारव मोहिमेच्या माध्यमातून रोहन काळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राज्यभरातील बारवांच्या नोंदी करून त्यांची स्थाने नकाशावर आणली. महाशिवरात्रीला बारवांत दीपोत्सव साजरा करण्याची प्रथाही यातून रुजू लागली. परभणी जिल्ह्यातील वालूर येथील ग्रामस्थांनी गाळाने बुजलेली चक्राकार बारव श्रमदानातून मोकळी केली. मे २०२५ मध्ये चौंडी येथे झालेल्या राज्य मंत्रिमंडळाच्या बैठकीत अहिल्यादेवींनी बांधलेल्या जलस्थानांच्या जतनाचा निर्णय घेण्यात आला.

उत्साहाला हवी जाणकारीची जोड

मात्र उत्साहाच्या भरात केलेली दुरुस्ती ही दुर्लक्षापेक्षाही घातक ठरू शकते. बारवेच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा केला, की दगडांच्या सांध्यांतून येणारा पाझर बंद होतो. मागे साचलेल्या पाण्याचा दाब भिंतीवर येतो आणि ती फुगून ढासळते. दगडांना तैलरंग फासला, की त्यांचा श्वास कोंडतो आणि कोरीव काम बुजते. भिंतीत वाढलेला वड किंवा पिंपळ ओढून काढला, तर मुळांबरोबर दगडही निखळतात. तो टप्प्याटप्प्याने छाटून मुळे निर्जीव करावी लागतात. सांधे भरायचेच असतील, तर चुना हेच योग्य माध्यम होय.

गाळ काढतानाही सावधगिरी हवी. बारवेच्या तळाशी मूर्ती, वीरगळ, शिलालेखांचे तुकडे किंवा नाणी सापडण्याची शक्यता असते. यंत्राने सरसकट उपसा केला, तर ते भंगतात किंवा मातीबरोबर शेतात जातात. जमिनीत सापडलेल्या पुरातन वस्तूंची माहिती शासनाला देणे १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे. त्यामुळे काम सुरू करण्यापूर्वी तहसील कार्यालय आणि पुरातत्त्व विभागाला कळविणे, छायाचित्रे काढणे आणि ग्रामसभेत ठराव करणे, ही पहिली पायरी ठरते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे स्वच्छ केलेल्या बारवेत पाणी टिकले पाहिजे. त्यासाठी तिच्या वरच्या अंगाला असलेले नाले, बांध आणि पाझराच्या जागा जपाव्या लागतात आणि आसपासच्या विंधनविहिरींच्या उपशाला गावाने स्वतःहून मर्यादा घालावी लागते. ते पाणी पिण्यासाठी वापरायचे झाल्यास तपासणी अनिवार्य आहे. पण झाडांना, जनावरांना, देवस्थानाच्या बागेला ते उपयोगी पडले, तरी पुरेसे आहे. ज्या वास्तूचा रोज वापर होतो, तिच्याकडे रोज कोणाचे तरी लक्ष जाते. केवळ पाहण्यासाठी राखलेली बारव उद्घाटनानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात पुन्हा झुडपांनी भरते.

गढ्या आणि वाड्यांच्या बाबतीत मालकीचे प्रश्न गुंतागुंतीचे आहेत. प्रत्येक वाडा वाचविणे शक्यही होणार नाही. मात्र त्यांची मोजमापे, छायाचित्रे आणि घराण्यांकडील कागदपत्रे यांची नोंद तरी आज होऊ शकते. ज्यांनी या वाड्यांत मोट चालताना, पेवात धान्य भरताना पाहिले, ती पिढी आता मोजक्या दिवसांची सोबती आहे.

येत्या आषाढीला बाजीराव विहिरीजवळ पुन्हा रिंगण होईल. त्या दिवशी वारकऱ्यांपैकी काहींनी जरी काठापर्यंत जाऊन विहीर पाहिली आणि परत गेल्यावर आपल्या गावच्या बारवेची चौकशी केली, तरी एका मोठ्या कामाला सुरुवात होईल. त्यासाठी फार मोठा निधी लागत नाही. आपल्या गावात किती जुन्या विहिरी आहेत, त्या कोणाच्या नावावर आहेत आणि त्यांत पाणी किती महिने टिकते, एवढ्या तीन प्रश्नांची उत्तरे ग्रामपंचायतीच्या दप्तरात नोंदविली गेली, तर उद्या एखादी बारव बुजविताना ती नोंद तरी आडवी येईल.